पिंजऱ्याआडील रुग्ण : भारतीय प्राणिसंग्रहालयांतील पशुवैद्यकाच्या कार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पशुवैद्यकशास्त्राचा इतिहास आपल्याकडे बहुधा घोडा, हत्ती आणि गोवंश या तीन प्राण्यांभोवती फिरतो. शालिहोत्राची अश्वचिकित्सा, पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आणि अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखातील पशुचिकित्सेचा उल्लेख यांचे दाखले प्रत्येक ग्रंथाच्या आरंभी येतात व ते योग्यच आहे. परंतु या परंपरेतील जवळजवळ प्रत्येक रुग्ण माणसाळलेला आहे. वैद्य त्याच्या अंगावरून हात फिरवू शकतो, डोळ्याची पापणी उलटून पाहू शकतो, नाडी व श्वास मोजू शकतो. वाघ, बिबट्या किंवा गेंडा यांच्या बाबतीत यांपैकी काहीही शक्य नसते. शिवाय वन्य प्राणी आपले आजारपण लपवितो. निसर्गात दुर्बलता दिसणे म्हणजे शत्रूला निमंत्रण होय. त्यामुळे लक्षणे उघड होतात तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. प्राणिसंग्रहालयातील पशुवैद्यकाची खरी अडचण औषधाच्या अभावाची नसून निदानाची आहे. भारतातील या व्यवसायाचा इतिहास याच अंगाने पाहिला असता काही अनपेक्षित गोष्टी समोर येतात.

आरंभीचा काळ : जिवंत प्राण्यापेक्षा मृत प्राणी मोलाचा

लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेची स्थापना १८२६ साली झाली व तिचे उद्यान १८२८ साली सभासदांसाठी खुले झाले. लगेच पुढील वर्षी, १८२९ साली, चार्ल्स स्पूनर या पशुवैद्यकाची तेथील प्राण्यांसाठी नेमणूक झाली. १८३३ पासून हे काम विल्यम युआट यांच्याकडे आले. त्यांनी उद्यानातील आजारी प्राण्यांची टिपणे पशुवैद्यकांच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केली. ही टिपणे म्हणजे आधुनिक अर्थाने या शाखेचे पहिले लेखन म्हणता येईल. मात्र घोड्याच्या चिकित्सेत वाकबगार असलेली ही मंडळी माकडांच्या क्षयापुढे हतबल होत. लंडनच्या थंड व कोंदट हवेत माकडे मोठ्या संख्येने मरत. रक्त काढणे, जुलाब देणे इत्यादी तत्कालीन उपाय त्यांना तारू शकत नसत.

१८६५ साली त्याच संस्थेने प्रोसेक्टर, म्हणजे मृत प्राण्यांचे विच्छेदन करून अभ्यास करणारा अधिकारी, असे पद निर्माण केले. यातून शरीररचनाशास्त्राची मोठी प्रगती झाली. परंतु त्यामागील दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. दुर्मीळ प्राणी मेला तर विज्ञानाला एक नमुना मिळाला, असेच त्या काळी मानले जाई. मृत्यूचे कारण शोधून ते पुढच्या प्राण्याच्या रक्षणासाठी वापरावे, ही कल्पना खऱ्या अर्थाने रुजली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. अमेरिकेतील फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयात १९०१ साली रोगनिदान प्रयोगशाळा सुरू झाली आणि तेथील हर्बर्ट फॉक्स यांचा बंदिस्त वन्य प्राण्यांच्या रोगांवरील ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. नव्या माकडांची ट्युबरक्युलिन चाचणी घेणे, ती वेगळी ठेवणे, प्रेक्षक व माकडे यांच्यामध्ये काच बसविणे या साध्या उपायांनी तेथे क्षय आटोक्यात आला. यात एकही औषध नव्हते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

कलकत्त्यातील नोंदवही

कलकत्त्याचे अलीपूर प्राणिसंग्रहालय १८७६ साली सुरू झाले. तेथे आरंभापासून काम करणारे व पुढे पहिले भारतीय अधीक्षक झालेले रामब्रह्म सान्याल हे पशुवैद्यक नव्हते. कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षण त्यांना दृष्टिदोषामुळे अर्धवट सोडावे लागले होते. डोळ्यांनी दगा दिलेल्या या विद्यार्थ्याने पुढील तीन दशके जे केले ते मुख्यतः पाहण्याचेच काम होते, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

सान्याल यांनी प्राण्यांची दैनंदिन नोंद ठेवण्याची पद्धत पाडली. कोणत्या प्राण्याने किती खाल्ले, मल कसा होता, कोण सुस्त दिसला, हवामान कसे होते, कोणती मादी माजावर आली, अशा बारीकसारीक गोष्टी रोजच्या रोज लिहिल्या जात. या नोंदींच्या आधारे त्यांनी बंगालमध्ये बंदिवासातील प्राण्यांची निगा कशी राखावी याविषयीचा इंग्रजी ग्रंथ १८९२ साली सिद्ध केला. त्यात प्रत्येक जातीच्या प्राण्याविषयी निवास, आहार, प्रजनन, वाहतूक आणि आजारपणातील उपचार असा क्रम आढळतो. उपचार शेवटी येतो, हे सहेतुक असावे. आजाराची निम्मी कारणे निवास व आहार या सदरांतच सापडतात, हे रोजच्या नोंदीतून त्यांच्या ध्यानात आले होते, असे ग्रंथाच्या रचनेवरून अनुमान करता येते. १८८९ साली अलीपूर येथे सुमात्रा गेंड्याचे पिल्लू जन्मले. बंदिवासात या जातीचा यशस्वी जन्म पुन्हा नोंदला गेला तो थेट २००१ साली, अमेरिकेतील सिनसिनाटी येथे. मधल्या ११२ वर्षांत उपकरणे व औषधे किती बदलली हे सांगावयास नको.

सान्याल यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना एक दुसरी बाजूही विसरता येत नाही. अशा नोंदींचा प्राथमिक स्रोत म्हणजे पिंजऱ्याजवळ दिवसभर वावरणारा सेवक. तो बहुधा निरक्षर असे व त्याचे नाव कोठेही छापले गेले नाही. संस्थानी काळातील हत्तीचा माहूत असो वा कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरी असलेला चित्तेवान असो, जनावर आज ‘बिघडले आहे’ हे त्याला प्रथम कळे. हे ज्ञान कागदावर उतरले तेथे टिकले व उतरले नाही तेथे त्या माणसाबरोबर गेले.

काचपट्टीवरील रक्त : सर्रा रोगाचा शोध

याच काळात भारतातील पशुवैद्यकांनी एक जागतिक महत्त्वाचा शोध लावला होता. त्याचा संबंध प्राणिसंग्रहालयांशी आहे, हे मात्र शतकानंतर उमगावयाचे होते. १८८० साली पंजाबातील, सध्या पाकिस्तानात असलेल्या, डेरा इस्माईल खान येथे लष्करातील घोडे व उंट ‘सर्रा’ नावाच्या रोगाने मरत होते. अधूनमधून ताप, रक्तक्षय, पायांवर सूज आणि शेवटी मृत्यू, असा या रोगाचा क्रम असे. लष्करी पशुवैद्यक ग्रिफिथ इव्हान्स यांनी आजारी जनावरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्यांना वळवळणारा एक परजीवी दिसला. असे रक्त निरोगी जनावरांत टोचल्यावर त्यांनाही रोग झाला. रक्तातील असा जीव रोगकारक असू शकतो, हे वरिष्ठ वैद्यकीय मंडळींना पटले नाही, कारण असेच जीव निरोगी उंदरांच्या रक्तातही आढळले होते. इव्हान्स यांना शंभर वर्षांचे आयुष्य लाभले. १९३५ साली ते वारले तेव्हा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ हा या वर्गातील पहिला सिद्ध झालेला रोगकारक परजीवी म्हणून सर्वमान्य झाला होता.

या शोधाचा पुढील प्रवास महाराष्ट्रातून झाला. १८८५ साली ब्रह्मदेशातील खेचरांत हाच रोग अभ्यासणारे जे. एच. स्टील हे १८८६ साली परळ येथे सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. सर दिनशा पेटिट यांच्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई पशुरुग्णालयाचा परिसर या महाविद्यालयाला लाभला होता. १८८९ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. तेथे आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांतील सर्रा हाच अभ्यासाचा विषय केला. १८९३ साली ही प्रयोगशाळा हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली व तिच्यातूनच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आकाराला आली. तेथे काम केलेल्या लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ च्या सुमारास घोडमाश्या एका जनावराचे रक्त दुसऱ्यापर्यंत पोचवून रोग पसरवितात हे प्रयोगाने दाखविले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या रोगावर सुरामिन, क्विनापायरामिन व डायमिनाझिन अशी तीन औषधे हाती आली. रोगाचे कारण, वाहक, ऋतू आणि औषध हे चारही माहीत झाले. पावसाळ्यात व त्यानंतर माश्या वाढतात आणि रोगही वाढतो, हे खेड्यातील बैलवाल्यालाही ठाऊक असते. मांसभक्षक प्राण्याला तो माशीप्रमाणेच बाधित जनावराच्या ताज्या मांसरक्तातूनही होऊ शकतो, हेही कळले. एवढे ज्ञान असलेला दुसरा परजीवी रोग या देशात क्वचितच सापडेल.

नंदनकानन, जुलै २०००

भुवनेश्वरजवळील नंदनकानन प्राणिसंग्रहालय १९६० साली स्थापन झाले. १९८० साली तेथे सर्वसाधारण रंगाच्या वाघ-वाघिणीच्या पोटी पांढरे बछडे जन्मले आणि हे ठिकाण देशभर गाजले. २००० च्या जुलै महिन्याच्या आरंभी, अवघ्या काही दिवसांत तेथील १२ वाघ मृत्युमुखी पडले. त्यांत पांढरे वाघही होते. रोगाचे निदान ट्रिपॅनोसोमा असे झाले, म्हणजे १८८० साली सापडलेला तोच परजीवी.

त्यानंतर देशभर जो वाद उसळला तो मुख्यतः औषधाविषयी होता. डायमिनाझिन वर्गातील औषध देण्यात आले होते. वाघ रोगाने मेले की औषधाने, मात्रा योग्य होती की नव्हती, ज्यांचे रक्त तपासले नव्हते अशांनाही औषध दिले गेले काय, अशा प्रश्नांनी वृत्तपत्रांचे रकाने भरले. या औषधाची सुरक्षित मर्यादा घोडा, उंट व कुत्रा यांत अरुंद असते हे खरे आहे. गाईबैलांवर प्रमाणित झालेली मात्रा वाघावर वापरताना पशुवैद्यकाला अनुमानावर अवलंबून राहावे लागते, हेही खरे आहे. परंतु वादाचा सारा भर शेवटच्या काही तासांवर राहिला, हे त्या चर्चेचे मोठे वैगुण्य होय. इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न वेगळा आहे. ज्या रोगाचे निदान रक्ताच्या एका थेंबात होते तो थेंब मिळविणे हे वाघाच्या बाबतीत किती अवघड होते? वाघाला बेशुद्ध करावयाचे, तेही तो आधीच तापाने क्षीण झालेला असताना, यात स्वतंत्र धोका आहे. बेशुद्ध न करता रक्त घ्यावयाचे तर ‘स्क्वीझ केज’, म्हणजे एक भिंत आत सरकवून प्राण्याला हलके दाबून धरणारा पिंजरा, लागतो आणि वाघाला त्यात शिरण्याची सवय आधीपासून असावी लागते. साथीच्या दिवशी ही सवय लावता येत नाही.

पशुवैद्यकाच्या पदाचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. भारतातील बहुसंख्य प्राणिसंग्रहालये वनखात्याच्या अथवा नगरपालिकांच्या अखत्यारीत आहेत. तेथील पशुवैद्यक अनेकदा पशुसंवर्धन खात्याकडून काही वर्षांसाठी येतो. गाई-म्हशींच्या दवाखान्यातून तो एकदम वाघ, अजगर व शहामृग यांच्यासमोर उभा राहतो आणि थोडे काही उमगू लागते तोच त्याची बदली होते. आहार, गवत-झुडपांची सफाई, माश्यांचे नियंत्रण, मांसाची खरेदी हे विषय प्रशासनाचे आणि आजार हा पशुवैद्यकाचा, अशी विभागणी कागदावर सोयीची असली तरी सर्रा रोग ती मानीत नाही. माशी आणि मांस हीच त्याची वाट आहे. सान्याल यांच्या ग्रंथात एकाच माणसाच्या नजरेखाली असलेली सदरे पुढील काळात वेगवेगळ्या टेबलांवर वाटली गेली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१९९१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांना मान्यता बंधनकारक झाली, १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि १९९२ व २००९ च्या नियमांनी पशुवैद्यकीय सुविधा, विलगीकरण व शवविच्छेदन यांची मानके घालून दिली. ही प्रगती निश्चितच आहे. तरी नंदनकाननची घटना प्राधिकरण अस्तित्वात आल्यानंतरची आहे, याची नोंद घ्यावी लागते.

दुरून टोचलेली सुई

स्पर्श न करता प्राण्याला औषध देण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडली. १९५० च्या दशकात अमेरिकेत व न्यूझीलंडमध्ये औषध भरलेली सुई बंदुकीने मारण्याची साधने तयार झाली. १९६० च्या सुमारास एटॉर्फिन, १९६२ साली झायलाझिन व केटामिन ही औषधे निर्माण झाली. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात शेवटच्या दोन औषधांचे मिश्रण रूढ झाले आणि आजही मार्जारकुळातील प्राण्यांसाठी ते जगभर वापरले जाते. एटॉर्फिनचा एखादा थेंबही माणसाला घातक ठरू शकतो. त्यामुळे ते हाताळताना उतारा जवळ ठेवण्याची दक्षता घ्यावी लागते.

या साधनांनी व्यवसायाचे स्वरूप पालटले हे निर्विवाद. तरी भूल ही जोखीमच राहिली. लंडनचा सुप्रसिद्ध गोरिला ‘गाय’ १९७८ साली दाताच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयक्रिया बंद पडून मरण पावला. त्यामुळे गेल्या काही दशकांत अनेक प्राणिसंग्रहालयांनी उलट दिशेने प्रयत्न सुरू केले. मांसाचा तुकडा व ठरावीक खूण यांच्या साहाय्याने वाघाला गजांना समांतर आडवे होण्याची, शेपटी बाहेर देण्याची सवय लावली जाते आणि शेपटीच्या शिरेतून जागेपणी रक्त घेतले जाते. यासाठी महिनोन्‌महिने रोज काही मिनिटे लागतात आणि ते काम पशुवैद्यक नव्हे, तर प्राणिपालक करतो. चित्तेवानाचे जुने ज्ञान नव्या नावाने परत आले, असे कोणी म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

पिंजऱ्याच्या दोन्ही बाजू

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आढळला. माणसाच्या रक्तद्रवातील एका प्रथिनामुळे हा परजीवी मरतो, म्हणून तो माणसाला बाधत नाही, अशी तोपर्यंतची समजूत होती. जनावरे पाळणाऱ्या या शेतकऱ्याच्या रक्तात ते प्रथिन कार्यक्षम स्वरूपात नव्हते, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. सुरामिन देऊन त्याला बरे करण्यात आले. गोठा, पिंजरा व घर यांतील सीमारेषा परजीवीच्या दृष्टीने फारशी पक्की नसते.

याचे आणखी दाखले अलीकडच्या काळाने दिले. थायलंडमधील एका व्याघ्र-संग्रहालयात २००४ साली कोंबड्यांचे बाधित मांस खाल्ल्याने बर्ड फ्लूची साथ पसरली आणि १४७ वाघ मरण पावले अथवा त्यांना मारावे लागले. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांना कोविडची बाधा झाल्याचे तेथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने निश्चित केले. त्यांची लक्षणे सौम्य होती व ते बरे झाले. त्यानंतर महिन्याभरात चेन्नईजवळील वंडलूर येथे बाधित सिंहिणीचा मृत्यू झाला. माणसाकडून प्राण्याकडे जाणारा रोग हा फिलाडेल्फियातील माकडांच्या काचेइतकाच जुना विषय आहे. उद्यान पाहावयास येणाऱ्या गर्दीला मात्र त्याची आठवण साथीतच होते.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या मरण पावले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठविण्यात आले आणि जानेवारी २०२५ मध्ये एच५एन१ या विषाणूचे निदान झाले. संशय आहारातील मांसावर होता. गोरेवाड्याला वन्यजीव चिकित्सेचे प्रशिक्षण व संशोधन करणारे पशुवैद्यकीय केंद्र शेजारीच आहे, तज्ज्ञ आहेत, शवविच्छेदनाची सोय आहे. वाघांना खाऊ घालावयाचे मांस कोणत्या कत्तलखान्यातून येते, ते कोण तपासते, आणि त्याची नोंद त्या दिवशीच्या वहीत होते की नाही, हा प्रश्न तेथेही पहिल्यांदा मृत्यूनंतर विचारला गेला.